ज्ञानकोशकर्ते डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर

खेड्यातील मंडळीत सेवा करणाऱ्या उपदेशकाला लोक काय काय विचारतात हे ज्याचे त्यालाच ठाऊक. सायंकाळची प्रार्थना आटोपून मंडळी ओट्यावर टेकली म्हणजे एखादा म्हातारा विचारतो, ग्रहण लागते ते कशाने? दुसरा विचारतो, शास्त्रात अंत्युखिया नगराचे नाव येते, ते नगर आज कोणत्या देशात आहे? कडेवर लेकरू घेतलेली बाई विचारते, गोवराची लस टोचली म्हणजे गोवर येत नाही, ते कसे? हे तीन प्रश्न तीन निरनिराळ्या विद्यांचे आहेत. एका माणसाच्या डोक्यात त्या सर्व विद्या कशा राहाव्यात? अशा वेळी कोणी मनाला येईल ते ठोकून देतो, कोणी ठाऊक नाही म्हणून गप्प बसतो. पहिली गोष्ट अप्रामाणिक आहे. दुसरी प्रामाणिक आहे, पण तिने विचारणाऱ्याची भूक भागत नाही. तिसरा मार्ग म्हणजे, उद्या पुस्तकात पाहून सांगतो असे म्हणणे. पण असे पुस्तक आपल्या मराठी भाषेत असावे, यासाठी एका मनुष्याने आपल्या आयुष्यातील उमेदीची बारा वर्षे खर्ची घातली. त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

मुंबईत दादरच्या पूर्वेस नायगाव आहे. एके काळी गिरणीत कामाला गेलेल्या कोकणातील व घाटावरील पुष्कळ कुटुंबांना तो भाग चांगला परिचित होता. तेथे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. ही संस्था १८९८ साली स्थापन झाली. मराठी संदर्भग्रंथ जेथे जपून ठेविले जातात अशा ठिकाणी गेल्यावर जाडजूड २३ खंडांची एक रांग शोधावी. तिचे नाव महाराष्ट्रीय ज्ञानकोश. मराठीतील हा पहिला मोठा ज्ञानकोश होय, आणि त्याचे कर्ते डॉक्टर केतकर.

शब्दकोश आणि ज्ञानकोश यांतील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. शब्दकोश शब्दाचा अर्थ सांगतो. ज्ञानकोश त्या शब्दाने दाखविलेल्या वस्तूची हकिकत सांगतो. मीठ म्हणजे काय हे शब्दकोश एका ओळीत सांगेल. पण मीठ कोठे पिकते, मिठागर कसे बांधतात, मिठावर कर केव्हा बसला, शरीराला ते का लागते, हे सांगणे ज्ञानकोशाचे काम. अशी खटपट आपल्या देशात नवी नाही. अमरकोशात शब्द वर्णक्रमाने नव्हे, तर स्वर्ग, भूमी, वनस्पती अशा वर्गांनी लावलेले आहेत. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या नावे मानसोल्लास हा ग्रंथ झाला. त्यात राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत नाना विषय आले आहेत. शिवछत्रपतींच्या काळी रघुनाथ पंडितांनी राजव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पुढे मोल्सवर्थ साहेबांनी कँडी बंधूंच्या साहाय्याने व अनेक शास्त्र्यांच्या श्रमाने मराठी-इंग्रजी शब्दकोश केला. तो १८३१ साली मुंबईत छापला, व त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. आपल्या मंडळीतील थोर लेखक बाबा पदमनजी यांनी १८६३ साली त्याच कोशाचा संक्षेप प्रसिद्ध केला. तथापि हे सर्व शब्दांचे कोश झाले. ज्ञानाचा कोश व्हावयाचा होता.

यूरोपात ती गोष्ट आधीच घडली होती. फ्रान्सात दिदरो व त्याचे सोबती यांच्या कोशाचा पहिला खंड १७५१ साली निघाला. राजाने त्यावर बंदी घातली तरी काम थांबले नाही, आणि शेवटी मजकुराचे १७ व चित्रांचे ११ असे खंड झाले. त्या कोशात विणकर, सुतार, लोहार यांच्या धंद्यांची चित्रे व वर्णने होती, हे विशेष. स्कॉटलंडात एडिंबरो येथे १७६८ साली ब्रिटानिका या इंग्रजी कोशास आरंभ झाला. त्याची पहिली आवृत्ती अवघ्या ३ खंडांची होती. ती पुढे वाढत गेली. आपल्याकडील इंग्रजी शिकलेला मनुष्य जगाची माहिती त्यात पाही. ज्याला इंग्रजी येत नसे त्याला मात्र ते दार बंद होते.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी मध्य प्रांतातील रायपूर येथे झाला. त्यांचे शिक्षण अमरावतीस व नंतर मुंबईस झाले. मुंबईत ते गिरगाव चौपाटीवरील विल्सन कॉलेजात होते. डॉक्टर जॉन विल्सन या स्कॉच मिशनरींच्या शाळेतून वाढलेली ही संस्था आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. सन १९०६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, केतकर अमेरिकेस गेले. त्या काळी परदेशी शिकावयास जाणारे बहुतेक तरुण विलायतेचा रस्ता धरीत, पण यांनी न्यूयॉर्क संस्थानातील कॉर्नेल विद्यापीठ निवडले. तेथे त्यांनी समाजशास्त्र व राज्यशास्त्र यांचा अभ्यास करून १९११ साली पीएच.डी. ही पदवी मिळविली.

त्यांच्या अभ्यासाचा विषय हिंदुस्थानातील जातिभेद हा होता. त्यावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९०९ साली निघाला. जात म्हणजे काय, हे सांगताना त्यांनी दोन लक्षणे दिली. जातीत जन्मलेल्यांनाच जातीत स्थान असते, हे एक. आणि जातीबाहेर लग्न करण्यास मनाई असते, हे दुसरे. त्याच विषयावर मे १९१६ मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याने एक निबंध वाचला. परळच्या चाळीत राहून शिकलेल्या या तरुणाने यूरोपियन पंडितांची मते एकामागून एक तपासली, आणि केतकरांच्या मताला त्यांच्याहून अधिक मान दिला. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. ही लक्षणे दोन नसून एकच आहेत, बाहेर लग्न करण्याची बंदी झाली की बाहेरच्याला आत येण्याचा मार्ग आपोआपच मिटतो, असे त्याने दाखवून दिले. एकाने व्याख्या करावी आणि दुसऱ्याने तिचा आदर राखून ती सुधारावी, अशानेच ज्ञान वाढते. वाचकांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा, कारण पुढे आम्हांस त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

सन १९१२ मध्ये केतकर स्वदेशी परत आले. काही काळ त्यांनी कलकत्ता विद्यापीठात शिकविले. विद्वान मनुष्याला तेथे सुखाने राहता आले असते. पण त्यांच्या मनाने निराळेच घेतले होते. आपल्या लोकांना जगाचे ज्ञान आपल्या भाषेत मिळाले नाही, तर ते नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यांनी जग पाहतील, ही गोष्ट त्यांना सलत होती. ब्रिटानिकाचे नुसते भाषांतर करून हा दोष जाणार नव्हता. लंडनमध्ये बसून पाहिले म्हणजे हिंदुस्थान दूर दिसतो. महाराष्ट्रात बसून पाहिले म्हणजे लंडन दूर दिसते. यासाठी कोशाला त्यांनी महाराष्ट्रीय हे विशेषण लाविले. महाराष्ट्रातील वाचकाला काय जाणण्याची गरज आहे, हे त्या कोशाचे माप होते.

पण एवढे मोठे काम करावयाचे कशाच्या बळावर? राजाचा आश्रय नाही, सरकारचे अनुदान नाही, घरची श्रीमंती नाही. केतकरांनी व्यापारी जशी कंपनी काढतात तशी कंपनी काढली. नागपूर येथे महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ लिमिटेड या नावाची संस्था नोंदविली, लोकांकडून भाग घेतले आणि पुस्तक छापण्यापूर्वीच वर्गणीदार मिळविले. गावोगावचे वकील, शिक्षक, सावकार, संस्थानिक यांच्या दारी जाऊन, जो ग्रंथ अद्याप लिहिला गेलेला नाही त्याचे पैसे मागणे किती कठीण, हे ज्याने प्रार्थनामंदिराच्या बांधकामासाठी वर्गणी गोळा केली आहे त्याला सांगावयास नको. पुढे मंडळाचे काम पुण्यास आले व तेथे कोशाचा स्वतःचा छापखानाही झाला. संपादक, हिशेबनीस, छापखान्याचा मालक व फिरता विक्रेता, ही सारी कामे केतकरांना एकट्याने पाहावी लागली. सोबतीला पगारी व बिनपगारी मदतनीस होते. त्यांत यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे, सिद्धेश्वरशास्त्री चित्राव अशी पुढे नावारूपास आलेली माणसे होती.

आता कोशाची मांडणी पाहू. पहिले ५ खंड प्रस्तावनेचे आहेत. त्यांची नावे हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग व विज्ञानेतिहास अशी आहेत. ६ व्या खंडापासून २१ व्या खंडापर्यंत अकारापासून पुढे वर्णक्रमाने लेख आहेत. २२ वा खंड सूचीचा, आणि २३ वा हिंदुस्थानाविषयीचा. घर बांधणारा जसा आधी पाया भरतो, तसे केतकरांनी सुटी माहिती देण्यापूर्वी जगाचा एकंदर इतिहास सांगितला. ही योजना विद्वानाला शोभणारी होती. पण ज्या साध्या वर्गणीदाराला एखादा शब्द चटकन काढून पाहावयाचा होता, त्याला अकारापर्यंत पोहोचण्यापूर्वी ५ जाड खंड घ्यावे लागले. हा या कोशाचा गुण म्हणावा की दोष, हे वाचकाच्या गरजेवर अवलंबून आहे.

वर्णक्रमाने लावणे ही गोष्ट बाहेरून सोपी दिसते. आत शिरले म्हणजे तिची अडचण कळते. एकाच पिकाला कोणी ज्वारी म्हणतो, कोणी जोंधळा म्हणतो. लेख कोणत्या नावाखाली घालावा? दोन्हीकडे घातला तर कागद फुकट जातो. एकीकडे घातला तर दुसरे नाव शोधणाऱ्याला तो सापडत नाही. म्हणून एका ठिकाणी लेख देऊन दुसऱ्या ठिकाणी, अमुक नाव पहा, एवढीच सूचना करावी लागते. परक्या नावांची अडचण याहून मोठी. आरंभी सांगितलेल्या म्हाताऱ्याचा प्रश्न घ्या. आमच्या शास्त्रात सूरिया देशातील ज्या नगरास अंत्युखिया म्हटले आहे, त्यालाच इंग्रजी पुस्तकांत अँटिऑक म्हणतात, आणि आज ते तुर्कस्तानात अंताक्या या नावाने आहे. नगर एक, नावे तीन! ज्याला यांतील एकच नाव ठाऊक आहे त्यालाही त्या नगरापर्यंत पोहोचविणे, हे कोशकाराचे कसब. शिवाय रसायन, यंत्र, वैद्यक या शास्त्रांतील कित्येक वस्तूंना मराठीत रूढ नावच नव्हते. तेथे संस्कृतावरून नवा शब्द घडवावा, की इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहावा, हा निर्णय पदोपदी घ्यावा लागे. हजारो लेखांत असे हजारो निर्णय. चूक झाली तर ती छापून कायमची राहणार!

हे काम चालू असतानाच, १९२० साली, केतकरांचे लग्न झाले. वधू एडिथ कोहन या जर्मन यहुदी कुळातील विदुषी होत्या. व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदू धर्मात घेण्यात आले व शीलवती हे नाव देण्यात आले. ज्या समाजात पोटजातीबाहेरचे लग्नही खपत नसे, त्यात हे लग्न किती गाजले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. आपल्या ग्रंथात ज्या बंदीला त्यांनी जातीचे लक्षण म्हणून सांगितले होते, तीच बंदी त्यांनी स्वतःच्या घरात मोडली. शीलवतीबाईही विद्येच्या कामात मागे नव्हत्या. विंटरनिट्झ या पंडितांनी जर्मन भाषेत लिहिलेल्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले. त्याचा पहिला खंड कलकत्ता विद्यापीठाने १९२७ साली छापला.

कोशाचे खंड १९२० पासून निघू लागले, आणि ते दशक संपण्यापूर्वी २३ खंड पुरे झाले. यूरोपातील कोशांच्या पाठीशी राजधान्या, विद्यापीठे व भांडवलदार असत. येथे एक मनुष्य, थोडे सोबती आणि वर्गणीदारांचा विश्वास, एवढेच भांडवल होते. या खटपटीचा वृत्तांत केतकरांनी माझे बारा वर्षांचे काम या पुस्तकात लिहून ठेविला आहे. नंतर त्यांनी गुजराती ज्ञानकोशाचेही काम हाती घेतले. ब्राह्मणकन्या, परागंदा, गोंडवनातील प्रियंवदा अशा कादंबऱ्या लिहून त्यांनी समाजातील नाजूक प्रश्न निर्भीडपणे मांडले. १९३१ साली हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासाचा त्यांचा ग्रंथ १९३५ साली निघाला. मान पुष्कळ मिळाला, परंतु पैसा हाती राहिला नाही. शेवटची वर्षे ओढगस्तीची व आजारपणाची गेली. १० एप्रिल १९३७ रोजी पुणे येथे, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

केतकरांचा कोश आज जसाच्या तसा प्रमाण मानता येईल काय? नाही. विज्ञानाचे व भूगोलाचे त्यातील पुष्कळ लेख जुने झाले आहेत. देशांच्या सीमा बदलल्या, रोगांवरची औषधे बदलली. हा केतकरांचा दोष नव्हे. विहीर जशी वरचेवर उपसावी लागते तसा कोशही वरचेवर नवा करावा लागतो. पण आणखी एक उणीव आहे, ती आम्हांस अधिक जवळची वाटते. जुन्या कोशांत जाती व जमाती यांविषयी लेख असत, ते बहुतकरून शिरगणतीचे अहवाल व सरकारी गॅझेटियर यांच्या आधारे लिहिलेले. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील ज्या समाजातून आले, त्यांच्याविषयी दुसऱ्यांनी लिहिले. त्यांना स्वतःला कोणी विचारले नाही. गावकुसाबाहेरची माणसे वर्णनाचा विषय झाली, वर्णन करणारी झाली नाहीत. लिहिणाऱ्याने कितीही प्रामाणिकपणे लिहिले तरी अशा लेखात काही तरी सुटतेच. म्हणूनच १९१६ सालच्या त्या निबंधाचे महत्त्व. ज्याच्याविषयी आजवर इतरांनी लिहिले, त्याने स्वतः लेखणी हाती घेतली आणि विद्वानांच्या व्याख्येत दुरुस्ती केली.

केतकरांनी लाविलेले झाड वाळले नाही. दाते व कर्वे यांनी १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे ७ विभाग काढले. चित्रावशास्त्र्यांनी चरित्रकोश रचले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यातील वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि पुढे २० खंड पूर्ण झाले. ज्या कामासाठी केतकरांना दारोदार फिरावे लागले, त्याचा खर्च आता सरकारने उचलला. आज विश्वकोश घरबसल्या संगणकावर व मोबाइलवर वाचता येतो. खेड्यातील पोरालाही तो मोफत आहे.

तेव्हा उपदेशक बंधूंनो, या चरित्रापासून दोन गोष्टी घ्याव्या असे आम्हांस वाटते. एक ही की, प्रश्न विचारला असता अंदाजाने उत्तर देऊ नये. पाहून सांगतो म्हणावे, आणि खरोखर पाहून सांगावे. याने आपला मान जात नाही, वाढतो. दुसरी ही की, प्रत्येक गावात अजून न लिहिलेले पुष्कळ ज्ञान पडून आहे. रानातल्या कोणत्या पाल्याला आपले लोक काय म्हणतात, जुन्या दुष्काळात कोणती मुळे खाऊन माणसे जगली, कोणत्या विहिरीवर पाणी भरावयास कोणास मनाई होती व ती केव्हा सुटली, मंडळीत पहिले कुटुंब कोणते आले, हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे आणि त्यांच्याबरोबर ते जाणार आहे. दोनशे पानांची एक वही करावी. सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालून एका पानावर एकच गोष्ट लिहावी, आणि एका वस्तूला दोन नावे असतील तर दोन्ही लिहावी. केतकरांच्या २३ खंडांचे कामही शेवटी असेच, एकेक नोंद करीत पुरे झाले. पुढे कोणी नवा कोश करणारा आपल्या गावी आला आणि त्याने विचारले, तर त्याच्या हाती ती वही द्यावी. म्हणजे या खेपेस तरी आपल्याविषयीचा मजकूर आपल्याला विचारून लिहिला जाईल.